बेसबॉलच्या मायनर लीगमधला कॅचर पुढे जाणार का, हे ओळखायचं कसं? नवीन बघणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

न्यू जर्सीत एडिसन-ब्रिजवॉटरकडे, डॅलसजवळ फ्रिस्कोत, ह्यूस्टनजवळ शुगर लँडला, नॉर्थ कॅरोलायनात डरहॅमला राहणारे आपले बरेच मराठी लोक उन्हाळ्यात पोरांना घेऊन मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीग क्लबच्या खालच्या टीमच्या, मॅचला जातात. तिकीट मेजर लीगपेक्षा कितीतरी स्वस्त, मैदान छोटं, आणि बसायला इतकं जवळ मिळतं की ग्लोव्हमध्ये बॉल बसल्याचा आवाज नीट ऐकू येतो. एकदा खेळ आवडायला लागला की मग प्रश्न पडतोच, हा जो बॅटरच्या मागे मास्क लावून बसलाय तो कॅचर दोन-तीन वर्षांनी यँकीजकडून किंवा रेंजर्सकडून टीव्हीवर दिसेल का? पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) बाबतीत निदान वेग तरी स्कोअरबोर्डवर दिसतो, कॅचरचं तसं नाही, त्याचं निम्मं काम कुठल्याच साध्या आकड्यात येत नाही, त्यामुळे नवीन माणूस त्याची बॅटिंग ॲव्हरेज (.३०० म्हणजे दहात तीन हिट) बघतो आणि तिथेच फसतो.

माझं ठाम मत आधीच सांगून टाकतो. कॅचर बघताना पहिला प्रश्न "मारतो कसा" हा नाही, "हा कॅचर म्हणून टिकेल का" हा आहे, कारण बाकी सगळ्या आकड्यांचा अर्थ या एका उत्तरावर ठरतो. वर्षाला १५ होमरन मारणारा चांगला कॅचर म्हणजे कुठल्याही टीमला हवाहवासा माणूस, तेच १५ होमरन फर्स्ट बेसवाल्याने मारले तर त्याला जागा मिळेल की नाही याचीच खात्री नसते.

पायरी १: कुठल्या लेव्हलला आहे आणि वय काय

हे घरी बसून दोन मिनिटात होतं. २०२१ पासून मायनर लीगची रचना सुटसुटीत झालीये, मेजर लीगच्या ३० क्लबच्या प्रत्येकी चार अशा मिळून १२० टीम: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए, आणि त्याच्याही खाली ॲरिझोना, फ्लोरिडा आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या कोवळ्या पोरांच्या लीग. ब्रिजवॉटरची समरसेट पेट्रियट्स ही यँकीजची डबल-ए टीम, फ्रिस्को रेंजर्सची डबल-ए, शुगर लँड ॲस्ट्रोजची ट्रिपल-ए, डरहॅम रेजची ट्रिपल-ए.

आता वय. १९ वर्षांचा पोरगा डबल-एमध्ये .२३० मारत असेल तर ती काळजीची गोष्ट नाही, समोरचे पिचर त्याच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतात. २५ वर्षांचा तिथे .२९० मारत असेल तर मात्र थोडा हात राखून कौतुक करा. पण वयाने लहान म्हणजे पुढे जाणारच, असंही धरू नका. ईथन सालासचं बघा, पाड्रेजने त्याला जानेवारी २०२३ मध्ये ५६ लाख डॉलरला साइन केलं आणि त्याच वर्षी तो १७ व्या वर्षी डबल-ए पर्यंत पोहोचला, सगळीकडे त्याचंच नाव. पुढच्या वर्षी हाय-एला बॅट चालली नाही, २०२५ मध्ये पाठीच्या दुखण्याने जवळजवळ अख्खा सीझन गेला. त्याचं भविष्य संपलं असं मी अजिबात म्हणत नाही, त्याचा ग्लोव्ह खरंच सुंदर आहे, फक्त कॅचरचा रस्ता लांब असतो आणि त्यात मधे थांबे येतात, हे आधीपासून धरून चाला.

पायरी २: प्लेटच्या मागे बसा आणि दोन इनिंग फक्त ग्लोव्ह बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. होम प्लेटच्या बरोबर मागचं किंवा किंचित बाजूचं तिकीट घ्या, आणि बॉल कुठे गेला, बॅट्समनने काय केलं हे दोन इनिंग चक्क सोडून द्या, नजर फक्त ग्लोव्हवर. आपल्याला पटकन विकेटकीपर आठवतो, पण कीपरकडे जो बॉल येतो तो बॅट्समनने सोडलेला किंवा हुकलेला असतो, कॅचरने मात्र जवळजवळ प्रत्येक पिच स्वतः मागितलेली असते, कुठली टाकायची, कुठे टाकायची, आणि एका मॅचमध्ये अशा सव्वाशे-दीडशे पिचेस.

बघायचं काय, तर झोनच्या, म्हणजे ज्या चौकटीतून गेलेली पिच स्ट्राइक धरतात तिच्या, कडेवर येणारी पिच. गुडघ्याच्या लाइनला, अगदी खालच्या काठावर येणारा फास्टबॉल घ्या. चांगला कॅचर ग्लोव्ह आधीच जमिनीजवळ नेऊन ठेवतो आणि बॉल येता येता खालून वर येतो, त्यामुळे बॉल ग्लोव्हमध्ये बसतो तेव्हा हालचाल झोनच्या दिशेने असते आणि ग्लोव्ह तिथेच शांत थांबतो. कच्चा कॅचर वरून खाली जातो, बॉलच्या वजनाने ग्लोव्ह आणखी खाली झुकतो, आणि अंपायरला ती पिच झोनबाहेरची, म्हणजे "बॉल", वाटते. किंवा मग पकडल्यावर झटक्याने आत ओढतो, म्हणजे स्वतःच कबूल करतो की पिच बाहेर होती. कडेची पिच शांतपणे घेऊन स्ट्राइक मिळवण्याला फ्रेमिंग म्हणतात. आजकाल बहुतेक कॅचर एक गुडघा जमिनीला टेकून बसतात ते याच खालच्या पिचसाठी, त्याला आळस समजू नका.

याची किंमत किती? स्टॅटकास्टच्या (मेजर लीगच्या कॅमेऱ्यांच्या मोजमाप यंत्रणेच्या) हिशोबात कडेची एक पिच बॉलऐवजी स्ट्राइक झाली की साधारण ०.१२५ रन वाचतो, म्हणजे असे आठ स्ट्राइक मिळवले की एक रन. रोजच्या दोन-तीन पिचेस सीझनभर जोडत गेलात की कळतं क्लब याच्यासाठी इतके हट्टी का असतात.

इथे एक नवीन गोष्ट आलीये आणि जुने लेख वाचून शिकणाऱ्यांना ती माहीत नसते. २०२६ पासून मेजर लीगमध्ये एबीएस (कॅमेऱ्यांवरून बॉल-स्ट्राइक ठरवणारी यंत्रणा) चॅलेंज लागू करायचं ठरलं, ट्रिपल-एमध्ये ते आधीपासून चालू होतं. अंपायरच कॉल देतो, पण बॅटर, पिचर किंवा कॅचर यांच्यापैकी कोणीही लगेच डोक्यावर हात मारून कॉलला आव्हान देऊ शकतो, मग कॅमेरे ठरवतात. टीमला दोन चॅलेंज, बरोबर निघालं तर ते शिल्लकच राहतं. त्यामुळे झोनच्या बरंच बाहेरची पिच चोरून स्ट्राइक करून घेणं आता तितकं चालणार नाही, कारण बॅटर ती परत मागणार. पण कॅचरचं महत्त्व त्याने कमी होतंय असं मला वाटत नाही, ते थोडं सरकतंय. २०२५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (सीझनआधीच्या सराव मॅचेसमध्ये) कॅचरनी घेतलेली चॅलेंज ५६ टक्के वेळा बरोबर निघाली, पिचरची ४१ टक्के. म्हणजे झोन सगळ्यात नीट कॅचरलाच दिसतो. तेव्हा ट्रिपल-एची मॅच बघत असाल तर हा पोरगा चॅलेंज कधी घेतो ते टिपून ठेवा, दुसऱ्या इनिंगला कोणी बेसवर नसताना चिडून उडवतो, की आठव्या इनिंगला बेस भरलेले असताना तीन बॉल-दोन स्ट्राइकच्या काउंटसाठी राखून ठेवतो.

पायरी ३: स्टॉपवॉच काढा

फोनचं चालेल. रनर फर्स्ट बेसवरून सेकंड बेस चोरायला, म्हणजे पिच टाकली जात असतानाच, पळाला की बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये "फट्" वाजला तिथे सुरू करा, आणि सेकंड बेसवरच्या फील्डरच्या ग्लोव्हमध्ये गेला की बंद. याला पॉप टाइम म्हणतात. अंतर १२७ फुटांच्या थोडं वर. मेजर लीगची सरासरी २.० सेकंदांच्या आसपास, १.९ म्हणजे उत्तम, आणि २.१ च्या वर सतत येत असेल तर रनर त्याच्यावर पळणारच. जे. टी. रियलम्युटो त्याच्या भरातल्या वर्षांत १.९ च्या आसपास सातत्याने टाकायचा, हाच मापदंड मनात ठेवा. इनिंग सुरू व्हायच्या आधी जो सरावाचा थ्रो असतो त्यावरून ठरवू नका, तो कधी निवांत असतो तर कधी पुढे सरकून, दाखवायला म्हणून मारलेला असतो. मॅचमधले पाच-सहा थ्रो मिळेपर्यंत थांबा.

आकड्याइतकंच बॉल कुठे पोहोचला हे बघा. बेसच्या फर्स्ट बेसकडच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर आला तर फील्डरला हात हलवावा न लागता टॅग होतो. १.८८ चा बॉल डोक्यावरून सेंटर फील्डला गेला तर त्याचा उपयोग काय? आणि ताकद कमी असूनही टाइम चांगला येत असेल तर त्याचा ग्लोव्हमधून हातात बॉल घ्यायचा वेग बघा, ती कला आहे आणि ती टिकते.

दोष मात्र एकट्या कॅचरला देऊ नका. साधा हिशोब आहे, रनरला सेकंड बेसवर पोहोचायला साधारण ३.३ ते ३.४ सेकंद लागतात. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून बॉल प्लेटवर पोहोचायला १.३ लागले आणि कॅचरने २.० मध्ये टाकला तर ३.३, म्हणजे खरी लढत होते. पिचरलाच १.५ लागत असतील तर जगातला कुठलाही कॅचर काही करू शकत नाही. म्हणून कॅचरने किती टक्के रनर पकडले हा आकडा मी एकटा कधीच वापरत नाही. त्यात २०२३ पासून मेजर लीगमध्ये बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले, पिचरने रनरला पकडायला बेसवर बॉल टाकण्यावर (पिकऑफवर) मर्यादा आली, आणि चोरलेले बेस एका वर्षात २,४८६ वरून ३,५०३ झाले, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या कॅचरच्या टक्केवारीशी आजच्या पोराची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

पायरी ४: जमिनीवर आपटणारी पिच आणि पिचरचा विश्वास

थर्ड बेसवर रनर आहे, बॅटरवर दोन स्ट्राइक आहेत. आता पिचर जमिनीत घुसणारा स्लायडर टाकतो का? हा क्षण आला की सगळं सोडून बघा. कॅचरने बॉल अडवला नाही तर फुकटचा रन जातो, त्यामुळे ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्यासमोर पिचर ती पिच टाकतच नाहीत, वर ठेवतात आणि मार खातात. हे कुठल्याही बॉक्स स्कोअरमध्ये येत नाही आणि मला ते सगळ्यात बोलकं वाटतं.

अडवण्याची पद्धत: बॉल पकडायला जात नाही, गुडघ्यांवर जाऊन छाती बॉलच्या वर आणतो, खांदे पुढे झुकवतो, म्हणजे बॉल अंगावर आपटून समोरच पडतो. हनुवटी वर उचलून तोंड फिरवणारा असेल तर त्याला अजून शिकायचंय. पास्ड बॉल (कॅचरची चूक) आणि वाइल्ड पिच (पिचरची चूक) यातला फरक स्कोअररच्या मनावर असतो, तेव्हा दोन्ही मिळून बघा.

माउंडवर कधी जातो, पिचर विस्कटल्यावर लगेच जातो की दोन रन गेल्यावर, स्पॅनिश बोलणाऱ्या पिचरशी थेट बोलू शकतो का, हेही टिपा. पिच आता पिचकॉमच्या बटणांवरून कळवतात, आणि काही टीममध्ये निर्णय डगआउटमधून येतो, त्यामुळे लांबून बसून "याचं गेम कॉलिंग जबरदस्त आहे" असं छातीठोक म्हणू नये. दिसतं तेवढंच लिहा.

पायरी ५: आता बॅट

मेजर लीगमध्ये कॅचर बाकी पोझिशनच्या मानाने कमी मारतात, त्यामुळे पट्टी खाली ठेवायची. ॲव्हरेज बाजूला ठेवून आधी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि वॉकची (चार बॉलवर फुकट फर्स्ट बेस) टक्केवारी बघा, हे आकडे नशिबावर कमी अवलंबून असतात. डबल-ए ही खरी परीक्षा, तिथले पिचर ब्रेकिंग बॉल हवा तिथे टाकू शकतात आणि नुसत्या ताकदीवर खालच्या लेव्हलला मारणारे तिथे उघडे पडतात. तिथे दर तीन वेळांत एकदा स्ट्राइकआउट होत असेल आणि वॉकही मिळत नसतील तर मी रोजचा कॅचर म्हणून त्याच्यावर पैज लावणार नाही. ट्रिपल-एचे आकडे वाचताना मैदान कुठलं ते बघा, पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये अल्बुकर्क, रीनो अशी उंचावरची, कोरड्या हवेची मैदानं आहेत, तिथे बॉल उडतो आणि सगळेच मोठे वाटतात. ट्रिपल-एचा आणि फ्लोरिडाच्या सिंगल-ए लीगचा स्टॅटकास्ट डेटा सगळ्यांना बघायला खुला असतो, बॉल बॅटवरून किती वेगाने निघतो ते तिथे सापडतं.

आणि महिन्याप्रमाणे वेगळं काढून बघा. ऑगस्टपर्यंत कॅचरचे पाय गेलेले असतात, शंभरेक मॅचेसचं बसणं-उठणं, बोटांवर फाउल टिप, भर उन्हात सगळा जामानिमा, एप्रिल-मेमध्ये .२९० असलेला ऑगस्टमध्ये .२१० ला येतो. तो कच्चा आहे असं नाही, तो दमलाय.

घाईने निकाल लावला की काय होतं त्याची दोन टोकं सांगतो. मॅट वीटर्सने २००८ मध्ये मायनर्समध्ये .३५५ आणि २७ होमरन मारले, लोकांनी त्याला थेट दंतकथाच करून टाकलं, तो चांगलाच खेळाडू झाला, चार वेळा ऑल-स्टार, दोन गोल्ड ग्लोव्ह (उत्तम फील्डिंगचा पुरस्कार), पण बॅट त्या उंचीला कधी गेली नाही. उलट कॅल रॅली, २०१८ च्या ड्राफ्टमधला (क्लब नवीन खेळाडू निवडतात तो) तिसऱ्या राउंडचा पिक, २०२१ मध्ये वर आला तेव्हा .१८०. आणि २०२५ मध्ये त्याच रॅलीने ६० होमरन मारले, कॅचरचा आधीचा विक्रम साल्वाडोर पेरेझचा ४८. मॅरिनर्सनी त्या .१८० वरून त्याच्यावर काट मारली नाही, कारण त्याचं प्लेटमागचं काम बॅट जागी होईपर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवायला पुरेसं होतं. ग्लोव्ह आधी बघा म्हणतो ते याच्यासाठी.

पायरी ६: क्लब त्याला कसं वापरतंय

मायनर लीगमध्ये आठवड्याला एकाच टीमशी सहा मॅच असतात, मंगळवार ते रविवार. त्यातल्या तीन-चार मॅच तो कॅचर म्हणून खेळत असेल आणि एक-दोन डीएच (फक्त बॅटिंग करणारा), तर क्लबला तो कॅचरच हवाय. दोनच वेळा मागे बसतोय आणि बाकी फर्स्ट बेस किंवा लेफ्ट फील्ड, तर क्लबने न बोलता उत्तर दिलंय. प्रेस रिलीजपेक्षा लाइनअप कार्ड जास्त खरं असतं.

समरसेटच्याच दोन पोरांवरून हे छान कळतं. ऑस्टिन वेल्स, २०२० चा पहिल्या राउंडचा पिक, बॅट चांगली पण कॅचर म्हणून टिकणार नाही असं कितीतरी जण म्हणायचे. यँकीजनी त्याला मागेच बसवत ठेवलं, त्याने काम केलं, आणि २०२४ मध्ये तो मेजर लीगच्या सर्वोत्तम फ्रेमिंग करणाऱ्यांत होता. दुसरा बेन राइस, डार्टमथ कॉलेजचा, २०२१ चा बाराव्या राउंडचा पिक, बॅट सगळ्यांच्या अपेक्षेपेक्षा पुढे पळाली, २०२५ मध्ये २६ होमरन, पण मुख्यतः फर्स्ट बेस आणि डीएच म्हणून, कॅचर अधूनमधून. दोघंही यशस्वीच, पण तुम्ही २०२३ मध्ये ब्रिजवॉटरला बसून "हा यँकीजचा कॅचर होणार" असं कोणाबद्दल लिहिलं असतंत यावर सगळं होतं.

वरची वाट मोकळी आहे का हेही बघा. गॅब्रिएल मोरेनो टोरंटोत तयार झाला पण तिथे अलेहान्द्रो कर्क आणि डॅनी जॅन्सन आधीच होते, मग डिसेंबर २०२२ मध्ये तो ॲरिझोनाला गेला आणि पुढच्याच वर्षी गोल्ड ग्लोव्ह. त्याच्या बदल्यात टोरंटोने घेतलेला डॉल्टन व्हार्शो हाही मुळात कॅचर, तो आता सेंटर फील्डला झेप घेताना दिसतो! डॉजर्सचा कॅचर डिएगो कार्टाया एके काळी त्यांच्या मायनर्समधल्या पोरांच्या यादीत सगळ्यात वर होता, पाठ दुखावली, बॅट थंड पडली, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी त्याला ट्विन्सला देऊन टाकलं. तेव्हा जुनी रँकिंग यादी हातात धरून बसू नका.

पायरी ७: शरीर

गुडघे, पाठ, हाताची बोटं आणि डोकं, हे चार. कन्कशनची (मार लागून मेंदूला बसलेल्या धक्क्याची) नोंद दिसली तर ती गंभीरपणे घ्या, जो माउअरसारख्या हॉल ऑफ फेमरला २०१३ मधल्या कन्कशननंतर कॅचिंग सोडून फर्स्ट बेसला जावं लागलं.

पायरी ८: एका ओळीत निकाल लिहा

स्काउट लोक २० ते ८० चं माप वापरतात, ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, ६० म्हणजे ठळकपणे चांगला, ४० म्हणजे कमी. फील्डिंग, आर्म, हिटिंग, पॉवर याला प्रत्येकी आज किती आणि पुढे किती असे दोन आकडे द्या. पळण्यात ३० आला तरी कॅचरचं फार बिघडत नाही. सुरुवातीला सगळ्यांना ५५-६० द्यायचा मोह होतो, तो आवरा, मायनर लीगमधले बहुतेक कॅचर मेजर लीगचा एक दिवसही बघत नाहीत.

मग तो कुठल्या गटात बसतो ते ठरवा: रोजचा कॅचर, बॅकअप, बॅट घेऊन दुसऱ्या पोझिशनला जाणारा, किंवा ट्रिपल-एपर्यंत जाऊन तरुण पिचरना सांभाळणारा. बॅकअपला कमी लेखू नका. जेफ मॅथिसची कारकिर्दीची ॲव्हरेज .१९४ आणि तरी २००५ ते २०२१ असे १७ सीझन तो मेजर लीगमध्ये खेळला, केवळ प्लेटच्या मागे जे करायचा त्यावर. क्वचित पाचवी वाटही निघते. केनली जॅन्सन डॉजर्सच्या मायनर्समध्ये कॅचर होता, बॅट चालेना पण हात तोफेसारखा, २००९ मध्ये त्याला पिचर केलं आणि पुढे तो ४०० हून जास्त सेव्ह घेणारा क्लोजर (शेवटी येऊन आघाडी राखणारा पिचर) झाला. म्हणून आर्मला ७० दिला असेल तर निकालाच्या ओळीत तेवढं नमूद करून ठेवा.

शेवटची तपासणी: नोव्हेंबर

सीझन संपल्यावर वही बाजूला ठेवायची नाही. नोव्हेंबरच्या मध्यात क्लबना ठरवावं लागतं की कुठल्या पोरांना मेजर लीग क्लबच्या ४० जणांच्या रोस्टरवर (यादीत) घ्यायचं. १८ किंवा त्याआधीच्या वयात साइन झालेल्यांना साधारण पाच सीझन झाल्यावर, १९ किंवा पुढे साइन झालेल्यांना चार सीझन झाल्यावर, रोस्टरवर घेतलं नाही तर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा क्लब उचलू शकतो. उचलणाऱ्याला त्याला पुढचा पूर्ण सीझन मेजर लीगच्या २६ जणांत ठेवावं लागतं, नाहीतर मूळ क्लबला परत देऊ करावं लागतं. एका टीमकडे बहुधा दोनच कॅचर असतात आणि त्यातला एक अर्धवट तयार ठेवणं परवडत नाही, त्यामुळे कच्च्या कॅचरला उघड्यावर ठेवायचा धोका क्लब बिनधास्त पत्करतात. म्हणून तुमच्या पोराचं नाव ४० च्या यादीत आलं नाही तर लगेच त्याच्यावर काट मारू नका, पण आलं, आणि त्याच क्लबकडे आधीच दोन कॅचर असूनही आलं, तर तो क्लब त्याच्याबद्दल काय समजतो हे तुम्हाला कळलं.